मैदानावरची पऱ्हाटी

परीक्षेचे दिवस आले की माझा उजवा गुडघा दुखू लागतो. या वयात गुडघे दुखण्यात नवल नाही, पण माझे गुडघे तसे ठणठणीत आहेत. अमरावतीच्या आमच्या घराच्या गच्चीवर नात पुस्तक घेऊन फेऱ्या मारत असते, खाली पायऱ्यांवर कडुनिंबाचा मोहोर पडलेला असतो, आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या गुडघा दाबत असतो. "आबा, काय झालं?" ती वरून विचारते. मी म्हणतो, काही नाही, तू वाच. ही कळ माझी नाही, हे तिला कसं समजावून सांगावं? ती माझ्या थोरल्या भावाची, दौलतदादाची आहे. साठ सालाच्या आसपासच्या एका मार्चमध्ये ती माझ्याकडे आली, आणि तेव्हापासून दर वर्षी पेपरांच्या सुमाराला येऊन जाते.

आमच्या वऱ्हाडात मार्च म्हणजे जमीन तोंड उघडते तो महिना. कापूस वेचून झालेला असतो. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून चुलीसाठी रचून ठेवलेल्या असतात. उघडी पडलेली काळी माती उन्हानं तडकत जाते आणि तिच्यात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. वरून माती तव्यासारखी तापलेली, पण भेगेत हात घातला तर खाली गारवा लागतो. नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या गावात आम्ही पोरं उन्हाळाभर याच जमिनीवर खेळायचो. चेंडू चिंध्यांचा, आणि वजन यावं म्हणून आत सरकी भरलेली. तो उसळत नसे. लाथ मारली तर दोन हातांवर जाऊन बसे. म्हणून दादानं लाथ मारणं लवकरच सोडून दिलं. तो चेंडूला पायाच्या आतल्या बाजूनं नुसता ढकलायचा, भेगांच्या मधून, जो मोकळा असेल त्याच्या पायापर्यंत. पुढं लोक त्याच्या ज्या पासचं कौतुक करत, तो या सरकीच्या चेंडूनं शिकवलेला होता.

गावात त्याचं शिक्षण सातवीत थांबलं. बापाला दम्यानं शेतावरची मजुरी झेपेना, तेव्हा दादा अकोल्याला जिनात कामाला गेला. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. त्याला लागूनच कापडाची मिल आणि मिलचं मैदान. संध्याकाळी अंगावर कापसाचे तंतू घेऊन तो मैदानाच्या कडेला उभा राही. एकदा बाहेर आलेला बॉल त्यानं अनवाणी पायानं परत दिला, तो थेट पलीकडच्या खेळाडूच्या पायात. मिलच्या विणकाम खात्यातले एक मास्तर टीमचं सगळं बघत. त्यांनी विचारलं, "कोण रे तू?" दादा म्हणाला, "जिनातला हाये जी." मास्तर म्हणाले, "उद्या ये."

अशी त्याची कारकीर्द सुरू झाली. मिलसाठी तो बरीच वर्षं खेळला. अमरावती, नागपूर, बऱ्हाणपूर, एकदा जबलपूरसुद्धा. जागा सेंटर हाफची, म्हणजे मैदानाच्या मधोमध, पुढचे आणि मागचे यांच्या मध्ये. त्याला विचारलं, दादा, तू गोल का मारत नाहीस, तर तो हसून म्हणे, "हाफनं गोल मारला तं समजजो, कोनीतरी आपली जागा सोडली." पेपरात गोल करणाऱ्याचं नाव यायचं. हाफचं नाव यायचं ते चूक झाली तरच.

टीममध्ये पाण्याची एक बादली असे आणि एक जर्मनचा, ॲल्युमिनियमचा पेला. आमच्या गावात आम्हाला ओंजळीत वरून पाणी पडायचं. आम्ही बौद्ध झालो त्यानंतरही काही दारांत ते तसंच पडत राहिलं. मिलच्या मैदानावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दादा पेल्यानं पाणी प्याला, आणि त्याच पेल्यात उरलेलं पाणी रशीदभाई प्याले. रशीदभाई टीमचे कॅप्टन आणि गोली. हे सगळं इतकं सहज झालं की तिथं कोणाच्या लक्षातही आलं नसेल. मी मात्र ते विसरलेलो नाही. पुढं कॉलेजात, नोकरीत, माणसाची पारख करायची वेळ आली की मला तो पेला आठवायचा.

मिलमध्ये दादा बदलीवर होता. कायमचा कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी उभं राहायचं. कोणी गैरहजर नसेल तर घरी. खेळाडू असल्यामुळं त्याला रोज काम मिळायचं, पण ते खेळतो तोपर्यंतच. या बदलीच्या पगारावर गावातली चूल चालत होती आणि अमरावतीला माझं कॉलेज. खोली, खाणावळ, पुस्तकं, सगळं. आमच्या घराण्यात सहीच्या जागी अंगठा उठवायची रीत होती. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. माझं शिक्षण एका माणसाच्या दोन पायांवर उभं होतं, आणि त्यातला एक पाय त्या फेब्रुवारीत भेगेत गेला.

साधी सरावाची मॅच होती. दादा मागं सरकत असताना टाच भेगेत अडकली आणि अंग वळलं, पाय वळला नाही. हाड बसवणाऱ्याकडं रशीदभाई त्याला टांग्यातून घेऊन गेले. त्यानं तेल लावलं, ओढलं, आणि सांगितलं की हाड जागेवर आहे, पण आतली दोरी सुटली आहे. हा गुडघा आता खेळण्याजोगा होणार नाही. बदलीवाला चार दिवस आला नाही तर मिलमध्ये कोणी विचारत नाही, म्हणून दोरी सुटल्याची गोष्ट तिघांतच राहिली. दादा, रशीदभाई आणि मी.

त्याच वेळी मिलच्या मॅनेजर साहेबांनी मास्तरांना सांगितलं होतं, की यंदा दोन खेळाडूंना कायम करायचं आहे. कोणाला, ते मार्चअखेरच्या शील्डची फायनल बघून ठरवू. आता दुखतं म्हणून बसावं, तर उद्या बदलीसुद्धा नाही. खेळावं, तर गुडघा. आणि तेव्हा फुटबॉलमध्ये कोणाच्या जागी दुसरा उतरवायची सोय नव्हती. एक पडला की टीम दहा जणांची.

शिवरात्रीला मी अकोल्याला गेलो तेव्हा त्याच्या खोलीत एरंडेलाचा वास होता. मी म्हणालो, "दादा, मी यंदा परीक्षा देऊन पाहतो एखादी नोकरी. तू नको खेळू."

"तू कोन्त्या पेपरात शिकला हे?" तो म्हणाला. "तू तुये पेपर लिही. माया पेपर मी लिहितो."

"मी फायनल पाहायला येतो."

"आला तं टांग तोडीन तुयी."

"आणि मंग दोघं भाऊ लंगडत फिराल," रशीदभाई दारातून म्हणाले. "बहोत अच्छे दिखोगे."

भेगांचा धसका टीमनं घेतलाच होता. फायनलपूर्वी मैदान बुजवायला मुरूम येणार होता, पण लग्नसराईत गाडीवाले मिळेनात. तेव्हा टीममधल्या जिनातल्या पोरांनी एक तोड काढली. जिनाच्या मागं झाडलोटीचा ढीग असतो, फोलं, तंतू, माती. तो टोपल्यांनी आणून त्यांनी भेगांत ठासला, वर बारीक माती पसरली, धुम्मस मारली, आणि धुरळा उडू नये म्हणून रोज संध्याकाळी पाणी मारायला भिस्ती लावला. ही सगळी कापसाच्या रानातली पोरं. आईच्या पाठीवर बसून त्यांनी पेरणी पाहिलेली. पण मैदान ते मैदान आणि वावर ते वावर. झाडलोटीत अख्खी सरकीही असते, आणि ओल्या मातीत दाबलेली सरकी काय करते, हे त्यांच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

माझा इतिहासाचा पहिला पेपर शनिवारी झाला. दुसरा मंगळवारी. रविवारी सकाळी मी पुस्तक बगलेत मारून बसमध्ये बसलो. खिडकीतून ऊन अंगावर येत होतं. मूर्तिजापूरपर्यंत मी एकच पान उघडून बसलो होतो. त्या पानावरची लढाई कोणी जिंकली, ते मला आजही सांगता येणार नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की पाच वाजता शिट्टी होईल आणि माझा भाऊ सुटलेल्या दोरीवर पळू लागेल.

मैदानावर पोचलो तेव्हा गर्दी हसत होती. काय झालं म्हणून मी वाट काढत पुढं गेलो, आणि पाहतो तर काळ्या मैदानावर हिरव्या रेघा. एक लांब रेघ मधून तिरपी गेलेली, तिला इकडंतिकडं फुटलेले फाटे. प्रत्येक भेगेतून सरकी वर आली होती, दोन-दोन कोवळी पानं घेऊन, ओळीनं, जशी काही तिफणीनं पेरली असावी. दोन दिवसांपूर्वी मातीला नुसते फुगवटे होते म्हणे. मास्तर घाम पुसत उभे होते. उपटावं तर भराव मोकळा होऊन भेग उघडी पडणार. तशीच ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

"मास्तर, वेचाई कदी हाये?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"आमाले बी बोलवजा बाप्पा वेचायले," दुसरा म्हणाला.

समोरची टीम नागपूरची होती, सगळे बूट घातलेले, उंच. आमच्यातले निम्मे अनवाणी, घोट्याला पट्ट्या बांधलेले. दादानं गुडघ्याला काहीच बांधलं नव्हतं. बांधलं तर साहेबांना दिसलं असतं. साहेब निंबाखाली मांडलेल्या खुर्चीत बसले होते, पायावर पाय टाकून, हातात रुमाल. मी त्यांच्यापासून लांब, गोलच्या मागं, रशीदभाईंच्या पाठीशी जाऊन बसलो. दादानं मला पाहिलं. मान दुसरीकडं वळवली.

पहिला अर्धा भाग मी ज्या जिवानं पाहिला, त्या जिवानं पुढं कोणताही निकाल पाहिला नाही. आमची टीम खेळतच नव्हती. का ते कळायला मला वेळ लागला. आमची पोरं पळताना मध्येच पाऊल आखूड करत, मध्येच लांब टाकत, कोणी अंग चोरून वळत. रोप आलं की पाय आपोआप बाजूला जायचा. लहानपणी तण निंदायला बसल्यावर आईनं पाठीत धपाटा घालून शिकवलेलं असतं, तासातून चाल, दोन ओळींच्या मधून, रोपावर पाय देऊ नको. तो धपाटा त्या दिवशी मैदानावर आमच्या टीमच्या पाठीत बसत होता. नागपूरकरांना रोपाचं काही नव्हतं. ते सरळ तुडवत येत होते. त्यांनी एक गोल केला, आणि दुसरा रशीदभाईंनी बोटांच्या टोकानं वाचवला.

हाफ टाइमला मास्तर पाण्याच्या बादलीपाशी दबक्या आवाजात करवादले, "अरे, तुडवा ना ते! कोणाच्या बापाचं वावर आहे?"

मग आमचा डावा फॉरवर्ड, स्वतः जिनातलाच, खाली पाहत म्हणाला, "पायच पडत नाही मास्तर. मी मनात घोकून राहिलो, पन पाय आयकत नाही."

दादा उजवा पाय लांब सोडून बसला होता. गुडघा सुजलेला होता. तो त्यानं टॉवेलखाली झाकला होता. तो म्हणाला, "मास्तर, नका तुडवू. त्याईच्या बूटवाल्याचा बॉल कसा पडते पाहा. वरून येते, अन् टप्पा घेऊन पुढं जाते. पन जिथं रोप हाये ना, तिथं खाली भुसभुशीत हाये. तिथं बॉल उसळत नाही. बसून जाते. त्याईचा गडी टप्प्याच्या अंदाजानं पुढं पळते, अन् बॉल मागं रायते. आपन रोपाजवळ उभं रायाचं. बस."

"हौ," रशीदभाई म्हणाले. "आपला चिंदीवाला बॉल." मग ते दादाच्या कानाशी वाकले आणि त्यांनी जे विचारलं ते मला ऐकू आलं, कारण मी त्यांच्या मागोमाग बादलीपाशी आलो होतो. "दौलत, चलेगा क्या?"

"चालते."

"मेरेकू झूट मत बोल."

"उभं रायता येते भाई," दादा म्हणाला. "पळता येत नाही. म्हनून तं सांगून राहिलो."

दुसऱ्या भागात दादा जवळजवळ पळालाच नाही. तिरप्या हिरव्या रेघेच्या अलीकडं तो चालत राहिला, दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं, जसा कोणी शेताच्या धुऱ्यावरून पाणी कुठं फुटलंय ते पाहत फिरावा. नागपूरचा बॉल वरून यायचा, रोपांत पडायचा आणि बसायचा. त्यांचा फॉरवर्ड पुढं निघून गेलेला असे. दादा पायाच्या आतल्या बाजूनं बॉल ढकलायचा, आणि तो मोकळ्या माणसापाशी जायचा. लोकांचं हसणं थांबलं. मग एकदा तो बॉल डाव्या फॉरवर्डच्या पुढ्यात नेमका गेला आणि बरोबरी झाली. टोप्या उडाल्या. मी उडालो नाही. दादाचा उजवा पाय जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा जबडा आवळला जातो, हे मला एवढ्या लांबून दिसत होतं. नागपूरचा एक गडी त्याच्या जवळून जाताना त्याच्या पायाकडं पाहून गेला. साहेबांनीही पायावरचा पाय खाली घेतला होता.

ऊन पिवळं झालं. धूळ सोन्यासारखी दिसू लागली. रेफ्रीनं घड्याळ पाहिलं. आणि त्याच वेळी आमच्या बॅककडून बॉल सुटला, नागपूरचा फॉरवर्ड एकटाच तो घेऊन निघाला, आणि समोर फक्त रशीदभाई. बॉल जमिनीवरून चालला होता, टणक जमिनीवरून. तिथं रोप नव्हतं, सरकी नव्हती, कोणाची मदत नव्हती.

दादा पळाला. मी उठून उभा राहिलो. पुस्तक मांडीवरून कुठं पडलं ते मला कळलं नाही. तो तिरपा आला, वाटेत ती हिरवी रेघ आली, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की त्यानं रेघेवरून उडी घेतली. तिच्यावर पाय देऊन तो येऊ शकला असता. तो उजव्या पायावर उतरला, तसाच घसरत गेला, आणि बॉल बाहेर गेला. फॉरवर्ड त्याच्यावरून पडला.

दादा उठला. कसा उठला, ते मी आजवर मला स्वतःला समजावू शकलेलो नाही. थ्रो झाला, दोन लाथा झाल्या आणि शिट्टी वाजली. अंधार पडत आला होता, म्हणून जादा वेळ न देता शील्ड दोन्ही टीमला वाटून द्यायचं ठरलं, सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं.

पण माझ्या मते खरी मॅच तेव्हा सुरू झाली. शील्ड घ्यायला निंबाखालपर्यंत जायचं होतं. दादा मधोमध उभा होता आणि हलत नव्हता. साहेब तिकडंच पाहत होते. पळताना माणसाचं दुखणं झाकतं, चालताना झाकत नाही. मी गोलमागून पाहत होतो आणि मनात फक्त एवढंच, एक पाऊल टाक, दादा, एकच टाक.

रशीदभाई गोल सोडून धावत गेले, हात पसरून, आनंदानं वेडे झाल्यासारखे. त्यांनी दादाच्या काखेत हात घातला. डाव्या फॉरवर्डनं दुसऱ्या बाजूनं खांद्यावर हात टाकला. मग बाकीचेही आले. सगळे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून एक ओळ झाली, आणि ती ओळ गात, डोलत निंबाकडं निघाली. गर्दीला वाटलं, पोरं खुशीत आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाहत होतो ते दादाचा उजवा पाय. तो जमिनीला फक्त टेकत होता. माणूस चालत नव्हता. त्याला नेलं जात होतं. आणि ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही आता कळलं असावं, कारण वाटेत हिरवी रेघ आली तेव्हा एका ढांगेत ओलांडता आली असती तरी ती अख्खी ओळ कोणी न सांगता थांबली आणि वळून, वळसा घालून पुढं गेली.

साहेबांनी शील्ड रशीदभाईंच्या हातात दिली. सगळ्यांशी हात मिळवला. दादापाशी आले तेव्हा त्यांनी हात पुढं केला नाही. ते खाली पाहत होते, गुडघ्याकडं. ते हळू आवाजात म्हणाले, "दौलत, एक तारीख से फोल्डिंग में आ जाना. परमनंट. वहाँ बैठ के काम है."

फोल्डिंग म्हणजे कापडाच्या घड्या घालायचं खातं. दादानं मान हलवली. साहेब पुढच्या माणसाकडं गेले.

खोलीवर आल्यावर रशीदभाईंनी तेल गरम केलं. मग ते म्हणाले, "तू कूदा काय कू? सीधा आता तो टांग बच जाती."

"रोप होतं," दादा म्हणाला.

"अरे, मैदान में कायका रोप?"

"ते पायाले काय ठाऊक भाई."

रशीदभाई हसायला लागले. हसता हसता त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. दादा माझ्याकडं वळला. मला वाटलं, आता टांग तोडायची गोष्ट निघते. तो म्हणाला, "त्याईले समजलं होतं रे, उत्तम. बैठ के काम हाये म्हने." थोड्या वेळानं म्हणाला, "पुस्तक कुठं हाये तुयं?"

पुस्तक मैदानातच राहिलं होतं. डावा फॉरवर्ड जाऊन ते घेऊन आला, पानांत धूळ भरलेलं.

दादा पुन्हा खेळला नाही. कायम झाला आणि खेळ संपला, दोन्ही एकाच वाक्यात. त्याला निरोप असा कोणी दिला नाही. हाफला देत नाहीत. तो फोल्डिंग खात्यात बसून घड्या घालत राहिला, मिल बंद पडेपर्यंत. जूनमध्ये मी पास झालो. माय शेजारणींना सांगे, "माया उत्तम बी.ए. झाला," आणि दादा तिला म्हणे, "माय, तू बी.ए. म्हनजे काय ते तं सांग त्याईले." ती म्हणे, "ते त्याले ठाऊक. मले एवढं ठाऊक हाये का दोघं पोट्टे पास झाले."

तिचं ते वाक्य मला पुढं मास्तरकीच्या नोकरीत फार उपयोगी पडलं. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आलेल्या पोराला मी नेहमी विचारायचो, घरी आणखी कोण पास झालं? काही पोरं गोंधळायची. काही खाली पाहायची. त्यांना कळलेलं असायचं.

परवा नातीचा पेपर आटोपल्यावर मी अकोल्याला जाऊन आलो. दादा आता काठी घेतो. उजवा पाय वाकत नाही, तो तसाच लाकडासारखा पुढं टाकतो. संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या गल्लीतून फिरायला निघालो. शेजारी म्हैस आहे. तिच्या आंबोणाला आणलेल्या पोत्यातून सरकी सांडलेली, आणि न्हाणीच्या पाण्यानं ओल धरलेल्या फरशीच्या फटीत एक रोप उगवलेलं. दोन पानांचं. गल्ली तिथं अरुंद आहे. सरळ जायचं तर एक पाऊल, वळसा घ्यायचा तर गटाराच्या कडेनं, काठी टेकत, भिंतीला हात लावत.

दादा थांबला नाही. त्यानं काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हातानं भिंत धरली, न वाकणारा पाय आधी बाहेरून फिरवला, मग दुसरा. त्याचा जबडा आवळला गेला, तसाच, त्या दिवशीसारखा. पलीकडं पोचल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं. मी अलीकडंच उभा होतो, गुडघ्यावर हात ठेवून.

"कावून थांबला रे?" तो म्हणाला. "बाजूनं ये."